शेवटची प्रत कुणाकडे?

वाचनालयाची वार्षिक सभा म्हणजे एरवी अहवालवाचन, चहा आणि आभारप्रदर्शन. गेल्या काही वर्षांत मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात या सभा तापू लागल्या आहेत आणि त्यांचे पडसाद वृत्तपत्रांतल्या वाचकपत्रांपर्यंत पोचतात. कारण उघड आहे. वर्गणीदार घटले, आपणहून देणगी आणून देणारी पिढी गेली, आणि विजेचे बिल व ग्रंथपालाचे तुटपुंजे मानधन भागवता भागवता ग्रंथखरेदीची तरतूद अंदाजपत्रकातच राहून जाते. मग दोन तट पडतात. एक तट म्हणतो, दहा वर्षांत ज्यांना कुणी हात लावला नाही ती पुस्तके रद्दीत घाला, कपाटे हलवा आणि तिथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका काढा; निदान पोरे तरी येतील. दुसरा तट म्हणतो, सीमाभागातल्या वाचनालयातून मराठीचे एकही पुस्तक बाहेर काढणे म्हणजे मराठीच्या मुळावर घाव. टाळ्या दुसऱ्याला मिळतात, हिशेब पहिल्याच्या बाजूने असतो, आणि निर्णय पुढच्या सभेवर ढकलला जातो. तोवर कसर आपले काम करत राहते.

दोघेही चुकीचा प्रश्न धरून भांडत आहेत, असे माझे म्हणणे आहे. पुस्तक किती जणांनी नेले यावर त्याचे भवितव्य ठरू नये आणि ते मराठीत आहे एवढ्यावरही ठरू नये. विचारायचे ते एवढेच की हे पुस्तक आणखी कुठे मिळेल? मिळत असेल तर ते काढायला हरकत नसावी, मग लेखक कितीही लाडका असो. मिळत नसेल तर ते ठेवलेच पाहिजे, मग पन्नास वर्षांत कुणी ते उघडले नसले तरी. आता, या प्रश्नाचे उत्तर कोणतेही एक वाचनालय आपल्या चार भिंतींत बसून देऊ शकत नाही. म्हणून काटकसर करायचीच असेल तर ती सगळ्या वाचनालयांनी मिळून केली पाहिजे. आज प्रत्येक कार्यकारिणी ती एकेकटी करते आहे आणि नुकसान सगळ्यांचे होते आहे.

आधी पुस्तके काढा म्हणणाऱ्यांचे जे खरे आहे ते मान्य करू. कोणत्याही तालुक्याच्या वाचनालयातले कादंबऱ्यांचे कपाट उघडा. एकाच ऐतिहासिक कादंबरीच्या चार-पाच प्रती, त्यातल्या दोघींची पाठ निघालेली. एकेकाळी मागणी होती म्हणून घेतलेल्या रहस्यकथांचे गठ्ठे. कालबाह्य झालेली मार्गदर्शके, बदललेल्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तके, कुणाच्या तरी वारसांनी घर रिकामे करताना पोत्यात भरून ‘देणगी’ म्हणून आणून टाकलेले ढीग. यावर पावसाळा. खानापूर तालुक्यातला चार महिन्यांचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला दमट खोलीत कोंबलेल्या पुस्तकांचे काय होते ते सांगायला नको. एका कुजक्या गठ्ठ्यातली कसर शेजारच्या चांगल्या कपाटात शिरते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतले शेवटचे सूत्र ग्रंथालय ही वाढणारी संस्था असल्याचे सांगते, आणि आपल्याकडे ते फक्त नव्या इमारतीचा निधी मागताना आठवते. वाढणारा जीव नवे घेतो तसे जुने टाकतोही, हे रंगनाथनांनीच तिथे स्पष्ट केले आहे.

मग पुस्तके काढली का जात नाहीत? अर्धे कारण भावनेचे असले तरी उरलेले अर्धे भीतीचे आहे. दाखल नोंदवहीत चढलेले पुस्तक म्हणजे संस्थेची मालमत्ता, आणि ती कमी झाली की जबाबदार ग्रंथपाल. महिन्याला जेमतेम मानधन घेणारा माणूस ही जोखीम कशासाठी पत्करेल? वास्तविक केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियमसुद्धा वर्षभरात देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी मानतात, फक्त त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हे नियम आपल्या वर्गणीच्या वाचनालयांना लागू नाहीत. पण दिल्लीच्या वित्त खात्याला जे समजते ते आमच्या हिशेब तपासनिसांना समजू नये, याचे नवल वाटते. निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, साधा, लेखी, सभेत मंजूर झालेला नियम नसल्यामुळे चांगल्या ग्रंथपालालाही पुस्तक कुजू देणे हाच सुरक्षित मार्ग वाटतो. कुजलेल्या पुस्तकाचा जाब कुणी विचारत नाही, काढलेल्या पुस्तकाचा विचारतात.

दुसऱ्या तटाची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला तेव्हापासून इथल्या मराठी माणसाने आपली भाषा सार्वजनिक जागांवरून एकेक करून उतरताना पाहिली आहे. शाळा, दाखले, फलक, सातबारा. सरकारी दप्तरात बेळगावचे नावसुद्धा २०१४ मध्ये बदलले. अशा ठिकाणी वाचनालय म्हणजे निव्वळ पुस्तके देण्याघेण्याची सोय नसते. आपण इथे होतो आणि आहोत, हे सांगणारी ती एक जागा असते. बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे, म्हणजे पुण्याच्या नेटिव्ह जनरल लायब्ररीच्या वयाचे. होमरूल लीगची स्थापना टिळकांनी १९१६ मध्ये याच गावात केली. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव ज्या साहित्य संमेलनात झाला ते १९४६ चे संमेलन इथलेच. एवढा वारसा असलेल्या गावात ‘न वाचलेली मराठी पुस्तके काढून टाका’ असे कुणी म्हटले की कानाला ते दुसरेच काही ऐकू येते. तसे ऐकू येणाऱ्यांना मी दोष देत नाही.

दोष देतो तो पुढच्या पायरीला. एकही पुस्तक काढायचे नाही असे ठरवणारे काय राखतात? त्या पाच प्रतींच्या गर्दीत, मागच्या खोलीतल्या माळ्यावर, सुतळीने बांधलेल्या एखाद्या गठ्ठ्यात १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाची पत्रके असतात. एखाद्या बंद पडलेल्या मराठी शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक असतो. शहापुरातल्या किंवा निपाणीतल्या एखाद्या छापखान्यात निघालेला, दोनशे प्रतींचा, आता कुणाच्याच घरी नसलेला कवितासंग्रह असतो. यादीत त्यांची नोंद नाही, म्हणून ती कुणी मागत नाही. मागत नाही म्हणून देवघेवीच्या वहीत त्यांच्यापुढे शून्य आहे. काढून टाकणाऱ्यांच्या निकषाने ती सगळ्यात आधी रद्दीत जातात आणि सगळे ठेवणाऱ्यांच्या निकषाने ती वाळवीच्या तोंडी जातात. लोकप्रिय कादंबरीची पाचवी प्रत मात्र दोन्ही निकषांवर तरते, कारण ती ‘चालते’ आणि ती ‘मराठी’ही आहे.

या कागदांची जबाबदारी दुसऱ्या कुणी घेतली आहे का, ते पाहू. १९५४ च्या कायद्यानुसार भारतातल्या प्रकाशकाने आपल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई व दिल्लीतली ठरलेली ग्रंथालये यांना पाठवायची असते. पुण्या-मुंबईचे नावाजलेले प्रकाशक ते पाठवतातही. म्हणजे त्यांच्या पुस्तकाची एक प्रत कुठे ना कुठे सरकारी छताखाली आहे, शिवाय मुंबई-ठाण्याच्या जुन्या मराठी ग्रंथसंग्रहालयांतही ती सापडण्याची शक्यता मोठी. पण येळ्ळूरच्या एखाद्या निवृत्त मास्तरांनी पदरमोड करून छापलेला गावाचा इतिहास कोलकात्याला कोण पाठवणार? त्या पुस्तकाचे राष्ट्रीय ग्रंथालय म्हणजे येळ्ळूरचेच वाचनालय. तिथे नसेल तर ते नाही. या भागावर दोन राज्यांचा दावा आहे, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि गावागावाची भाषा कोणती होती याचा पुरावा शेवटी कागदच देणार आहेत. (सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणारे आम्ही सगळे या वादावर नेमलेल्या महाजन आयोगाच्या अहवालाचा उल्लेख केल्याशिवाय वाक्य पुरे करत नाही. १९६७ चा तो अहवाल आपल्या गावच्या वाचनालयात कुणी पाहिला आहे का, हे एकदा ज्याने त्याने आठवून बघावे.)

‘मग स्कॅन करा आणि टाकून द्या’ हा आजचा आवडता उपाय. स्कॅन करायला माझा मुळीच विरोध नाही. राज्य मराठी विकास संस्थेने जुने दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणले, त्याचा फायदा माझ्यासारख्या आडगावच्या वाचकालाच सर्वांत जास्त झाला. पण हे वचन पहिल्यांदाच दिले जात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या मोठमोठ्या ग्रंथालयांनी वृत्तपत्रांचे जुने खंड मायक्रोफिल्मवर घेतले आणि मूळ खंड विकले किंवा फेकले. पुढे कित्येक फिल्मांवर पाने गाळलेली, अक्षर पुसट, आणि रंगीत पुरवण्या काळ्यापांढऱ्या झालेल्या निघाल्या. ताडून पाहायला मूळ अंक उरला नव्हता. १९९९ च्या सुमारास ब्रिटिश लायब्ररीनेही आपल्याकडची परदेशी वृत्तपत्रे अशीच काढायला घेतली आणि त्यावर बराच गदारोळ झाला. आपल्याकडे तर मोबाइलवर फोटो काढून त्याची पीडीएफ व्हॉट्सअॅपच्या गटात टाकली की ‘डिजिटायझेशन’ झाले असे मानतात. तो मोबाइल बदलला की संपले. शिवाय कायद्याची अडचण आहे: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे १९७०-८० च्या दशकातले बहुतेक स्थानिक लेखन वारसांच्या परवानगीशिवाय खुले करता येणार नाही. ते स्कॅन करून मूळ प्रत टाकली तर हातात काय राहील? कुणाला दाखवता न येणारी एक फाइल.

खरेदीबद्दलही हेच. पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड नव्या पुस्तकांवर पडते, कारण पगार आणि वीज थांबवता येत नाही. हिशेब वरवर बरोबर दिसतो: यंदा घेतली नाहीत, परिस्थिती सुधारली की घेऊ. पण मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची, अलीकडे तर पाचशे-तीनशेचीही असते. कादंबरी चालली तर पुन्हा छापली जाईल. वैचारिक पुस्तक, समीक्षा, नव्या कवीचा संग्रह दुसरी आवृत्ती क्वचितच पाहतो. ज्या वर्षी खरेदी शून्य, त्या वर्षाचे भोक कपाटात कायमचे राहते. म्हणून माझे म्हणणे उलटे आहे: कपातीच्या वर्षी लोकप्रिय कादंबऱ्या घेऊ नका, त्या पुढच्या वर्षीही मिळतील, जुन्या बाजारातही मिळतील. असतील ते दोन-चार हजार रुपये अशा पुस्तकांवर घाला जी दोन वर्षांनी कुठेच मिळणार नाहीत. यावर खरा आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. वर्गणीदार येतो तो कादंबरीसाठीच. त्यालाच घालवले तर वाचनालय कशावर चालेल? म्हणूनच हे काम एकट्या-दुकट्याचे नाही. बेळगाव शहरातली आणि उपनगरांतली चार वाचनालये नवी कादंबरी प्रत्येकी एकेक घेतात. त्याऐवजी चौघांनी मिळून दोन प्रती घ्याव्यात आणि त्या फिरवाव्यात. उरलेल्या दोन प्रतींच्या पैशात बाकीचे येते. दिवाळी अंकांच्या योजनेत आपण हेच करतो: एकेक अंक पन्नास घरांतून फिरतो आणि कुणाची तक्रार नसते. मग बाराही महिने का नको?

पुस्तके फिरवण्याची कल्पना काही नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले, तेव्हा पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यांतून फिरत. एका गावाने वाचून झाले की पेटी पुढच्या गावाला. बैलगाडीच्या आणि रेल्वेच्या काळात जे जमले ते कडोली आणि काकती यांच्यामध्ये जमू नये? आणखी जवळचे उदाहरण कोल्हापूरचे. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये त्या संस्थानाने केला, मद्रासच्याही तीन वर्षे आधी. आज त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड-गडहिंग्लजच्या वाचनालयांना महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान. चंदगडहून बेळगावकडे निघालात की वाटेत कुठेतरी हद्द लागते आणि तिच्या अलीकडच्या, आमच्या बाजूच्या, वाचनालयाला यातले काहीच नसते. मुंबईतून सीमाभागासाठी मदतीच्या घोषणा होतात, त्यातली काही पोचतेही. पण घोषणा आणि दरवर्षी ठरल्या तारखेला येणारे अनुदान यांत फरक आहे. एका बैठकीच्या भरवशावर ग्रंथपाल नेमता येत नाही.

कर्नाटकाचा १९६५ चा कायदा मात्र आपल्याला लागू आहे आणि त्याबद्दल आपण आश्चर्यकारकरीत्या गप्प आहोत. आपली घरपट्टीची पावती काढून बघा. मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर असतो, शंभर रुपयांमागे सहा. महाराष्ट्रात असा उपकरच नाही. टिळकवाडीतला, वडगावातला, खानापुरातला मराठी माणूस वर्षानुवर्षे हा पैसा भरतो. तो सरकारी वाचनालयांसाठी असतो. लोकांनी चालवलेल्या मराठी वाचनालयांच्या वाट्याला त्यातून फारसे येत नाही. ठीक आहे. पण मग शहराच्या आणि तालुक्याच्या सरकारी वाचनालयांत, ग्रामपंचायतींच्या ‘अरिवु केंद्रां’त, म्हणजे गावच्या सरकारी वाचनालयांत, मराठी पुस्तके किती घेतली जातात, हे विचारायचा हक्क आपला आहे. कर भरणाऱ्याचा हक्क म्हणून तर आहेच, आणि राज्यघटनेचे २९ वे कलम आपली भाषा व लिपी जतन करण्याचा अधिकार देते म्हणूनही आहे. लोकप्रिय कादंबऱ्यांचा भार त्यांनी उचलावा, ते त्यांचे कामच आहे. आपल्या वर्गणीच्या पैशातून आपण ते घेऊ जे सरकारी खरेदीच्या यादीत कधीच येणार नाही. मोर्चे आपण अनेक काढले. उपकराचा हिशेब मागणारा एखादा साधा अर्ज काढून पाहायला काय हरकत आहे?

आता एक गोष्ट लिहितो जी काहींना आवडणार नाही. आपल्या वाचनालयांत कन्नड पुस्तकांचे एक कपाट असले पाहिजे. आपली मुले कन्नड शिकतात; त्यांतली काही मराठीपेक्षा कन्नड सहज वाचतात. ही मुले आज कोणत्याच वाचनालयात जात नाहीत, कारण सरकारी वाचनालय त्यांच्या घरच्यांना परके वाटते आणि आपले त्यांना परके वाटते. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी कन्नडमध्ये कविता लिहिली आणि १९७३ चे ज्ञानपीठ मिळवले. जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले, धारवाडात राहून इंग्रजी शिकवले आणि लिहिले मराठीत. या मुलखाचे वाचन असे दोन-तीन भाषांतून होत आले आहे. कन्नड कपाटाने मराठी हटेल अशी ज्यांना भीती वाटते, त्यांनी मराठी कपाटातल्या जाड्या कादंबरीच्या पाच प्रतींतल्या तीन काढाव्यात. जागा तिथूनच निघते.

उरला प्रश्न ‘करणार कोण’ हा. सभेत शेवटी तोच विचारला जातो आणि विचारला की सभा संपते. काम अवघड नाही, कंटाळवाणे आहे. प्रत्येक वाचनालयाने दोनच याद्या करायच्या: पहिली, बेळगाव जिल्ह्यात छापलेले किंवा जिल्ह्याविषयीचे आपल्याकडे जे जे आहे त्याची, दुसरी, आपण काढू पाहतो त्याची. दुसरी यादी बाकीच्यांकडे महिनाभर फिरू द्यायची. ज्या पुस्तकाची प्रत आणखी कुणाकडेच नाही ते काढायचे नाही, आणि ज्याला जपायला जागा नाही त्याने ते ज्याला आहे त्याच्याकडे सोपवायचे. देणगीची पोती आली की ती घेण्याआधी हीच चाळण. यासाठी संगणकप्रणालीची वाट पाहायला नको, वही चालेल. निवृत्त शिक्षकांची या भागात वाण नाही, आणि त्यांतल्या अनेकांना दुपारी काय करावे हा प्रश्न असतोच.

पैसाही अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी अशा गावांत साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, मांडव भरतो, जेवणावळी होतात, सीमाप्रश्नाचा ठराव होतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांना जमत नाही ते ही खेडी करतात, त्याचा मला अभिमान आहे. पण या संमेलनांच्या स्मरणिकांचा पूर्ण संच आज कुठे एका ठिकाणी आहे? मांडवाच्या खर्चातून एक लोखंडी कपाट आणि शंभर स्मरणिकांची बांधणी सहज निघेल. पुढच्या मोसमात सत्काराच्या शाली थोड्या कमी करून, आपल्या गावच्या पहिल्या संमेलनाची स्मरणिका कुणाच्या घरी आहे एवढा शोध आयोजकांनी घ्यावा. माझा अंदाज आहे की निम्म्या गावांत ती सापडेल, आणि ज्याच्याकडे सापडेल त्याच्या घरी ती माळ्यावरच असेल.